किल्ली आपली, मुखत्यारपत्र कोणाकडे?

न वाचलेल्या कागदावर सही करू नये, हे आम्ही वकील प्रत्येक पक्षकाराला बजावतो. तरीही आपल्या बहुतेक घरांत असा एक न वाचलेला दस्तऐवज पडून आहे. तो म्हणजे राउटरचे सेटिंग-पान. जोडणी देणारा तंत्रज्ञ येतो, काम उरकतो, यंत्राच्या पाठीवरील चिठ्ठीकडे बोट दाखवतो आणि निघून जातो. पुढे वर्षानुवर्षे त्या पानाकडे कोणी फिरकत नाही. याचे कारण केवळ तंत्राची भीती नव्हे. ते पान बहुधा इंग्रजीत असते, आणि ते आपल्यासाठी नाहीच, असे घरातील वडीलधारी मंडळी गृहीत धरतात.

या परकेपणातून पहिला घोटाळा शब्दाचा होतो. राउटरला दोन पासवर्ड असतात. एक बिनतारी जाळ्यात प्रवेश देतो, दुसरा त्या जाळ्याची व्यवस्था बदलण्याचा अधिकार देतो. आपण दोहोंना एकच नाव देतो आणि फसतो. पहिल्याला किल्ली म्हणावे, दुसऱ्याला कुलमुखत्यारपत्र. किल्ली पाहुण्याच्या हाती देता येते. कुलमुखत्यारपत्र कोणी वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र आपण किल्ली तेवढी बदलतो, आणि मुखत्यारपत्र कारखान्यातून आले तसेच राहू देतो. जुन्या यंत्रांवर तर ते ‘अ‍ॅडमिन’ या जगजाहीर शब्दाने उघडते.

यात नुकसान काय, असे विचारणाऱ्यांनी 26 जुलै 2008 आठवावा. त्या दिवशी अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या वायफायपर्यंत पोहोचला. ईमेल दुसऱ्याचा होता, पण जोडणी त्याच्या नावावर. म्हणून चौकशीला सामोरे जावे लागले ते त्यालाच.

करायचे ते फार थोडे आहे. चिठ्ठीवरील पत्ता, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, ब्राउझरमध्ये लिहावा. आधी मुखत्यारपत्राचा शब्द बदलावा. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए3 निवडावे, ते नसल्यास डब्ल्यूपीए2. डब्ल्यूईपी कधीही नको. ते 2001 सालीच फोडले गेले. बटण दाबून किंवा आकडी पिनने जोडणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद ठेवावी. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळे उघडावे.

आता नावाविषयी. जाळ्याचे नाव देवनागरीत ठेवता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. मर्यादा 32 बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत मात्र प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्तचिन्ह तीन-तीन बाइट घेते. त्यामुळे ‘मातृछाया’ 24 बाइटमध्ये मावते, पण ‘लक्ष्मीनिवास’ 36 बाइटचे होते आणि उंबऱ्याबाहेर राहते. डोळ्याला पाच अक्षरे दिसतात, यंत्र बारा मोजते. काही राउटर देवनागरी स्वीकारत नाहीत, तर काही जुन्या उपकरणांवर ती निरर्थक चिन्हांत उमटते. किल्लीला तर देवनागरीची मुभाच नाही. तेथे 8 ते 63 रोमन अक्षरे, अंक वा चिन्हे लागतात. त्यावरही उपाय आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द निवडून ते रोमन लिपीत सलग लिहावेत. कुंदा, पागोळी, जातं, उंबर अशी माळ घरच्यांच्या लक्षात राहते आणि परक्याला सहज सुचत नाही. अर्थात, येथे छापलेली ही माळ कोणी वापरू नये.

हे क्षुल्लक आहे, असा आक्षेप येईल. मला तो मान्य नाही. संविधानाच्या अनुच्छेद 29(1) मध्ये भाषेबरोबर लिपीचाही स्वतंत्र उल्लेख आहे. तो हक्क केवळ न्यायालयात मागण्याचा नाही, रोज वापरण्याचाही आहे. कर्नाटकात दुकानांच्या फलकांवर 60 टक्के कन्नड असावे, असा कायदा आहे. पण घरातील जाळ्याचे नाव हा काही दुकानाचा फलक नव्हे. ते बेळगावात, इंदुरात, बडोद्यात वा हैदराबादेत सर्वस्वी आपणच ठरवतो. तेथेही कारखान्याचे नाव आणि कारखान्याचाच शब्द ठेवायचा असेल, तर इतरत्र मराठी डावलली जाते ही आपली तक्रार दुबळी पडते.

मराठी सेटिंग-पानाची मागणी कंपन्यांकडे आपण लेखी करावीच. परंतु ते पान येईपर्यंत थांबू नये. या रविवारी घरातील तरुण मुलामुलींनी आजी-आजोबांना शेजारी बसवावे, प्रत्येक सेटिंगचा अर्थ मराठीत सांगावा आणि नवा शब्द त्यांच्याच हस्ताक्षरात घरातील वहीत लिहवून घ्यावा. घर ज्यांचे, मुखत्यारपत्रही त्यांच्याच हाती असले पाहिजे.