विद्येचे मक्तेदार आणि त्यांची दिवाळखोरी

बंगळुरूच्या ‘बायजूज’ कंपनीचे पतन ही एका उतावळ्या उद्योजकाची शोकांतिका आहे, असे भांडवलदारी वृत्तपत्रे आता सांगू लागली आहेत. २०२२ मध्ये याच कंपनीचे मूल्य २,२०० कोटी डॉलर ठरले, तेव्हा तिच्या आरत्या ओवाळणारीही हीच! एका व्यक्तीच्या माथी खापर फोडले की व्यवस्था निर्दोष सुटते. म्हणूनच ही कंपनी वाढली कशी, हे तपासणे अगत्याचे आहे.

ती वाढली खरेदीतून. २०१९ मध्ये १२ कोटी डॉलरना ‘ऑस्मो’, २०२० मध्ये ३० कोटींना मुंबईची ‘व्हाइटहॅट ज्युनियर’, २०२१ मध्ये सुमारे १०० कोटींना प्रवेशपरीक्षांचे वर्ग चालविणारी ‘आकाश’, त्याच वर्षी ६० कोटींना ‘ग्रेट लर्निंग’ आणि ५० कोटींना ‘एपिक’. स्पर्धेमुळे ग्राहकाचे हित साधते, असे मुक्त बाजारपेठेचे पुरोहित सांगतात. येथे तर स्पर्धकच विकत घेतला गेला! पैसा कोठून आला? २०२०-२१ चा तोटाच ४,५८८ कोटी रुपयांचा होता. परकीय गुंतवणूकदारांचे भांडवल आणि २०२१ च्या अखेरीस अमेरिकी कर्जबाजारातून उचललेले १२० कोटी डॉलर, यांवर हा डोलारा उभा होता. खरेदीने आकार फुगे, आकारावरून मूल्य ठरे आणि मूल्याकडे पाहून नवे भांडवल धावून येई. या चक्राला वंगण पालकांनी पुरवायचे. अभ्यासक्रम कर्जावर गळ्यात मारल्याच्या तक्रारींवरून राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाला डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या प्रमुखास पाचारण करावे लागले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणासाठी मागितलेला राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा सरकारे देत गेली असती, तर या विक्रेत्यांना इतकी दारे उघडी मिळाली नसती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अडीच हजार नोकऱ्यांवर कुऱ्हाड कोसळली. जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली, तीही क्रिकेट मंडळाच्या १५८.९ कोटी रुपयांच्या थकबाकीपायी, म्हणजे खेळाडूंच्या सदऱ्यावर नाव झळकविण्याच्या देण्यापायी!

मालमत्ता विकून वाटणी करण्याची वेळ आलीच, तर २०१६ च्या संहितेनुसार कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक सावकारांच्या बरोबरीने दिली जाते. इतर कर्मचाऱ्यांची केवळ १२ महिन्यांची, तीही त्यांच्यानंतर. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या दाव्यात १९८८ मध्येच ठरविले आहे. म्हणजे शिकविणारा सावकाराच्या मागे उभा राहणार आणि आगाऊ शुल्क भरून बसलेला पालक त्याच्याही मागे.