डोळे दिपले, डोकं चक्रावलं!

'हॅरी पॉटर'वर वाढलेल्या आपल्या पिढीला 'फँटॅस्टिक बीस्ट्स'चा दुसरा भाग आवडायलाच हवा होता. पटकथा खुद्द जे. के. रोलिंगची. २०१८ च्या या सिनेमात १९२७ चं पॅरिस आहे, झुवूसारखा भन्नाट प्राणी आहे, निळ्या आगीचा थरार आहे. पण क्रीडन्स नेमका कोण, हे सांगायला पात्रं चक्क कबरीपाशी उभी राहून अख्खी वंशावळ ऐकवतात! ती पचते न पचते तोच शेवटी कळतं, हा तर डम्बलडोर. मग एवढी वंशावळ कशाला ऐकवली, भाऊ?

थाट आपल्याकडेही झालाय. १९९३ च्या 'झपाटलेला'चा दुसरा भाग २०१३ मध्ये थ्रीडीत आला. पण तात्या विंचूला काय हवंय? माणसाचं शरीर, आधी लक्ष्याचं, मग त्याच्या पोराचं. पहिला भाग न बघितलेल्यालाही हे लगेच कळतं.

नांदेड-लातूरला शॉर्टफिल्म करताना आपण आधी ड्रोन कुणाकडे आहे ते शोधतो, गोष्ट मात्र शूटिंगच्या आदल्या रात्री. पाच भाग जाहीर झालेली रोलिंगची मालिका २०२२ मध्ये तिसऱ्यावरच थांबली. हॉलिवूडच्या ग्राफिक्सनं जे सावरलं नाही, ते आपला ड्रोन काय सावरणार? आधी गोष्ट एका वाक्यात सांगून बघा. मग उडवा ड्रोन!