उंबरठ्यापर्यंतचा हिशेब

घराची किंमत आणि घर ताब्यात येईपर्यंतचा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मध्यमवर्गीय माणूस पहिलीची वर्षानुवर्षे चौकशी करतो; दुसरी मात्र त्याला शेवटच्या पंधरवड्यात कळते. मग मुदतठेवी मोडल्या जातात, मेहुण्याकडे शब्द टाकला जातो, बायकोच्या पाटल्या सोनेतारणाच्या खिडकीपाशी येतात. बँकेच्या नोकरीत ती खिडकी मी पुष्कळ पाहिली. तिथे येणारी माणसे उधळी नव्हती. त्यांना पूर्ण बेरीज कोणी सांगितलीच नव्हती.

ती आपण करून पाहू. पुणे महापालिकेच्या हद्दीत, बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट घेतला असे समजा. अधिभारांसह मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. झाले साडेसात लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी लागत नाही. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांकात १ टक्का सूट मिळते. याउलट करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा कमी असली, तरी शुल्क रेडी रेकनरच्याच हिशेबाने भरावे लागते. शिवाय वकिलाची फी, बँकेचे प्रक्रिया शुल्क, वीज-पाण्याची जोडणी, सोसायटी स्थापनेचा खर्च आणि देखभालीची आगाऊ रक्कम.

खरी मेख पुढेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते, आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी धरता येत नाही. म्हणजे ४८ लाख बँकेचे, १२ लाख आपले, आणि वर साडेचार लाख रोख आपलेच. जीएसटी किमतीत धरणार का, हे बँकेला आधी विचारावे. धरला नाही, तर बारा लाखांची तयारी केलेल्या गृहस्थाला साडेएकोणीस लाख उभे करावे लागतात.

माझी तक्रार कराविरुद्ध नाही. ती आहे उशिरा सांगण्याविरुद्ध. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना प्रत्येक गृहकर्जदाराला सगळ्या आकारांचे एक माहितीपत्रक द्यावेच लागते. त्यात नसलेला आकार त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कर्जाला हा न्याय, मग घराला का नाही? २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई केली, हे चांगलेच झाले. पण करार होईतो टोकन दिलेले असते, नातेवाइकांना पेढे वाटलेले असतात, मुलांची शाळाही ठरलेली असते. माघार घेणे तेव्हा जिवावर येते. म्हणून पूर्ण बेरजेचा एक कागद टोकनच्या आधी हातात पडावा, असा नियमच हवा. सरकारी दर बदलतात, ही सबब चालणार नाही. कागदावर तारीख घाला, म्हणजे झाले.

नियम होईपर्यंत आपण काय करावे? चौरस फुटाच्या दरावर घासाघीस करू नये, एकूण रकमेवर करावी. ती लेखी मागावी. जुने घर घेताना सोसायटीला हस्तांतर अधिमूल्य कमाल २५ हजारच घेता येते. देणगीच्या नावाखाली अधिक मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा. आणि दुखण्याखुपण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावल्याशिवाय बेरीज जुळत नसेल, तर एक खोली कमी असलेले घर पाहावे. भिंती पुढेही वाढवता येतात; पण घरात पाऊल टाकताच कोणी आजारी पडले, तर रिकामा हात फार महाग पडतो.