ग्रुपवर अनुभव टाका, रिपोर्ट नको

विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिण्याआधी आता बातमी मोबाईलवर येऊन पडते. वंदनेची वेळ, कुणाचे निधन, नळाला पाणी कधी येणार, दवाखान्यात कुणाला रक्त हवे, सगळे एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर. पूर्वी एक बोलायचा आणि बाकीचे ऐकायचे. आता प्रत्येक जण बोलतो. ही मोठी गोष्ट आहे, ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण आजारपणाच्या बाबतीत हे बोलणे कुठे उपयोगी पडते आणि कुठे घर मोडते, याचा विचार आपण फारसा करत नाही. मी इथे सिकलसेलपुरते बोलतो, कारण विदर्भात आदिवासी समाजाइतकाच आपल्या समाजातही हा आजार घराघरात आहे.

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडापासून दुखायला लागते. थंडी, कमी पाणी पिणे, जंतुसंसर्ग, अतिश्रम यांनी हे दुखणे उठते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून शाळेत मास्तर म्हणतात पोरगं कामचुकार आहे, नातेवाईक म्हणतात नाटक करतं. अशा घराला दुसरे तसेच घर भेटणे हा अर्धा धीर असतो. मोबाईलमुळे ते घर दुसऱ्या तालुक्यातले असले तरी चालते.

मी अशा रुग्णांच्या ग्रुपवरचे बोलणे पाहिले आहे. रात्री मुलाचे पाय दुखायला लागले की बाप लिहितो. पाच मिनिटांत कुणीतरी विचारतो, पाणी किती प्यायला? गरम कपडा लावला का? डॉक्टरांनी दिलेली गोळी दिली का? ताप आहे का? ताप असेल तर सकाळची वाट पाहू नका, आत्ताच निघा. हा शेवटचा सल्ला लाखमोलाचा आहे. या आजारात लहानपणीच प्लीहा निकामी होत जाते, त्यामुळे साधा वाटणारा ताप मुलाच्या जिवावर बेतू शकतो. हे डॉक्टर एकदा सांगतात आणि आपण विसरतो. ज्याने भोगले तो विसरत नाही.

आणखी एक ज्ञान असते जे कुठल्याही पुस्तकात नसते. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी कुठल्या केंद्रात आली आणि कुठे संपली. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कोणता कागद लागला आणि कोणत्या दिवशी डॉक्टर बसतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, ही गोष्ट कित्येक घरांना अशा ग्रुपवरूनच कळते. सरकारी रक्तपेढीत या रुग्णांना रक्त मोफत मिळण्याची तरतूद आहे, हेही तसेच. इथपर्यंत ग्रुप म्हणजे चांगला शेजार.

बिघडते कुठे, तर शेजारी डॉक्टर होतो तिथे. 'रक्त कमी आहे ना, मग बीट, डाळिंब आणि लोहाचे टॉनिक द्या.' बीट-डाळिंब खाल्ल्याने काही बिघडत नाही. टॉनिकची गोष्ट वेगळी आहे. सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह कमी पडते म्हणूनच असे नाही. ज्या मुलाला वारंवार रक्त चढवले जाते त्याच्या अंगात उलट लोह साचत जाते आणि ते काळजाला, यकृताला इजा करते. तपासणी न करता त्याला लोहाचे औषध देणे म्हणजे भरलेल्या माठात आणखी ओतणे. हायड्रॉक्सीयुरियाचेही तेच. गोळी चांगली आहे, दुखण्याचे झटके कमी करते, पण मधूनमधून रक्त तपासून तिचा डोस ठरवावा लागतो. 'माझ्या पोराला दोन चालतात, तुम्हीही दोन द्या' असे कुणी लिहिले, तर त्या ग्रुपवर ते चालू देता कामा नये.

मग अनुभव सांगायचाच नाही का? सांगायचा, पण मोजून. याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले आहे. तिथे 2004 साली मॅसॅच्युसेट्समध्ये दोन भावांनी एका मित्राला घेऊन 'पेशंट्सलाइकमी' नावाची संकेतस्थळाची संस्था काढली, कारण त्यांच्या तिसऱ्या भावाला एएलएस झाला होता. या आजारात स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जातात आणि त्याला बरे करणारे औषध नाही. 2008 साली इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात असे आले की लिथियम नावाच्या औषधाने हा आजार मंदावतो. त्या अभ्यासात लिथियम घेणारे रुग्ण अवघे 16 होते. बातमी जगभर पसरली. मरण समोर दिसणारा माणूस थांबणार कसा? अनेकांनी लिथियम सुरू केले.

आपल्याकडे हे इथेच संपले असते: 'लिथियम घ्या, फरक पडतो, पुढे पाठवा.' त्या रुग्णांनी मात्र आपापली नोंद ठेवली. किती डोस, कधी सुरू केला, चालणे-बोलणे-गिळणे किती उरले, हे महिन्यामागून महिने भरले. लिथियम घेणाऱ्या 149 जणांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण लिथियम न घेणाऱ्या रुग्णांशी केली गेली. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आला: उपयोग नाही. पुढे डॉक्टरांनी रीतसर केलेल्या चाचण्यांतही तेच निघाले. आशा खोटी ठरली याचे दुःख आहेच. पण ती खोटी आहे हे दाखवण्यात रुग्णांच्याच नोंदींचा वाटा होता. (तिथेही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते. ही संस्था रुग्णांची माहिती, नावे वगळून, औषध कंपन्यांना विकत असे. तसे ती सभासदांना उघड सांगत असे, एवढे मात्र खरे.)

आपल्याला संकेतस्थळ नको, वही पुरे. महिन्यात किती वेळा दुखले, किती दिवस शाळा बुडाली, किती वेळा भरती केले, कोणती गोळी किती. ती वही ग्रुपवर टाकायची नाही. ती डॉक्टरांसमोर ठेवायची. ग्रुपवर एवढेच सांगायचे की आम्ही लिहायला लागल्यापासून बोलणे सोपे झाले.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड आहे ती. वस्तीत तपासणी शिबिर होते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे, तेव्हा शिबिरे होणार आणि व्हायलाच हवीत. पण शिबिर संपले की कुणीतरी उत्साही कार्यकर्ता निकालाच्या यादीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. नावे, वय, समोर 'वाहक'. हेतू चांगला असतो, लोकांना घरबसल्या निकाल कळावा. पण तो फोटो एका तासात सोयरिकीच्या गावात पोचतो. आणि बघा, वाहक मुलगा असेल तर त्याचे काही अडत नाही. मुलगी वाहक निघाली की 'रोगी पोरगी' असा शिक्का बसतो.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याला सहसा काही त्रास होत नाही. वाहकाने वाहक नसलेल्या निरोगी जोडीदाराशी लग्न केले तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही, फार तर मुलेही वाहक होतात. प्रश्न दोघेही वाहक असतील तेव्हाचा आहे. मग प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता मूल आजारी असण्याची. 'एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन ठणठणीत' असा हिशोब काही जण सांगतात, तो चुकीचा आहे. दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात. म्हणून तपासणी लग्नाआधी हवी, दोन्ही बाजूंची हवी, आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात हवा. यादी फिरली की पुढच्या शिबिराला पोरी येतच नाहीत. मग दोन वाहकांचे लग्न न कळता लागते. म्हणजे आजार थांबवायला टाकलेला फोटोच आजार वाढवतो.

याला जबाबदार कोण? 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण अॅडमिनला मजकूर पुसता येतो, ग्रुप फक्त अॅडमिनने लिहिण्यापुरता ठेवता येतो, माणसाला काढता येते. एवढे अधिकार हातात असताना 'मी काय करू, लोकच टाकतात' हे उत्तर वस्तीत चालायला नको. माझ्या मते आरोग्याच्या ग्रुपला दोन अॅडमिन असावेत, त्यातली एक आशाताई किंवा नर्सताई.

रक्ताच्या निरोपाचेही असेच. 'तातडीने बी निगेटिव्ह हवे' हा निरोप वर्षभर फिरत राहतो. ना तारीख, ना दवाखान्याचे नाव. लोक फोन करून करून कंटाळतात आणि खऱ्या वेळी उचलत नाहीत. तारीख, वेळ, रक्तपेढी लिहा, आणि रक्त मिळाले की त्याच ठिकाणी 'मिळाले' लिहून निरोप बंद करा. कोणत्या रक्तपेढीत किती साठा आहे हे ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर दिसते, आधी ते पाहा.

शेवटी एक गोष्ट, जी ग्रुपची यादी उघडली की लगेच दिसते. सभासद सगळे बाप, काका, मोठे भाऊ. मुलाला पाणी पाजणारी, रात्रभर पाय चेपणारी, ताप पाहणारी आई त्यात नाही, कारण घरातला मोबाईल बापासोबत कामावर जातो. आपल्या ग्रुपवर किती आया आहेत ते मोजा. ज्या नाहीत त्यांच्यापर्यंत निरोप कोण नेणार, हे याच महिन्याच्या महिला मंडळाच्या बैठकीत ठरवता येईल.