रिकामी फेरी कोणाच्या पट्टीतून जाते?



माल विकून घरी आलो की आपण पट्टी उलगडतो. हमाली, तोलाई यांच्या ओळींवर बोट ठेवून वाचतो, दोन रुपये जास्त कापले असतील तर भांडतो. गाडीभाड्याच्या ओळीपाशी मात्र आपण गप्प होतो. डिझेल महागले, त्याला कोण काय करणार, असे म्हणून पट्टीची घडी खिशात जाते. आमचे म्हणणे असे की त्या ओळीतही आपलाच घाम आहे. त्यातला काही भाग आपल्या हातात आहे, काही सरकारच्या. दोन्हींचा हिशेब मांडला पाहिजे.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात आज वाडीवस्तीवर पिकअप दिसते. ज्वारी तिच्यातून जाते, कापूस तिच्यातून जातो, कडबा तिच्यावर रचला जातो आणि दुष्काळात पाण्याची टाकीही तिच्याच पाठीवर येते. बैल घरचा कडबा खायचा, पिकअप विकतचे डिझेल पिते. मग तिच्या पोटाचा हिशेब नको का?

जाऊन-येऊन १६० किलोमीटरची फेरी धरू. गाडी लिटरला १० किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देत असेल तर १६ लिटर लागतात. तेच अ‍ॅव्हरेज १२ झाले तर सव्वातेरा लिटरांच्या आसपास भागते. फेरीला सुमारे पावणेतीन लिटर वाचले. लिटरला ९० रुपये धरा आणि वर्षाला १०० फेऱ्या धरा. २४ हजार रुपये होतात. २०२४-२५ च्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता. म्हणजे सात क्विंटल ज्वारी टाकीतून धूर होऊन गेली. सात क्विंटल ज्वारी पिकवायला कोरडवाहू रानात काय लागते, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको.

हे दोन किलोमीटर कुठून आणायचे? त्यासाठी बाजारात गोळ्या मिळतात, पाइपाला बांधायची चुंबके मिळतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधने तपासली. बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही. त्यात पैसे घालवू नका.

खरे उपाय साधे आहेत. टायरमध्ये हवा कमी असली की चाक जड फिरते आणि डिझेल जास्त जाते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. फेरी झाली की चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन पाहावे. एकच चाक जास्त तापले असेल तर त्याचा ब्रेक चिकटतो आहे. म्हणजे आपण एकाच वेळी गाडी ओढतोही आहोत आणि धरूनही ठेवतो आहोत. आपल्या भागात फुफाटा फार, तेव्हा एअर फिल्टर लवकर तुंबतो. तो वेळेवर बदलावा. कॉम्प्रेसरच्या जोराच्या हवेने कागदी फिल्टर फाटला तर धूळ थेट इंजिनात जाते.

वेगाचे गणितही समजून घ्या. वेग ६० वरून ८० वर नेला की वाऱ्याचा अडसर पावणेदोन पटीवर जातो. कापूस किंवा कडबा उंच रचलेला असेल तर वारा आणखीच धरतो. ८० किलोमीटरच्या वाटेत वेळ वाचतो फक्त वीस मिनिटे. आणि यार्डाच्या दारात रांगेत उभे राहतो दोन तास, तेही कित्येकदा इंजिन चालू ठेवून!

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. डिझेल वाचावे म्हणून वर्धनगडचा घाट किंवा भिवघाट न्यूट्रलमध्ये उतरणारी आपली पोरे आहेत. हा समज चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की उतारावर इंजिनाला डिझेल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहते. वर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. वाचत काहीच नाही, जीव मात्र पणाला लागतो. ज्या घरात पिकअप आहे त्या घराने ही गोष्ट आज रात्री जेवताना पोराला सांगावी.

आता मोठ्या गळतीकडे येऊ. भरून गेलेली गाडी रिकामी परत आली तर अर्धी वाट फुकट गेली. गावातून एकाच दिवशी तीन गाड्या अर्ध्या-अर्ध्या भरून एकाच बाजाराला जातात, हे आपण रोज पाहतो. तो माल दोन गाड्यांत बसतो. जाताना कापूस नेला तर येताना सरकी पेंड, खत, सिमेंट आणता येते. आदल्या संध्याकाळी पारावर चार जणांनी बोलायचे, इतकेच त्याला लागते. पण भाऊबंदकी आणि ‘माझी गाडी, माझी मर्जी’ यांत डिझेल जळते. हा दोष आपला आहे. तो सरकारच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

सरकारचा वाटा वेगळा आहे आणि तोही मोठा आहे. रानातून डांबरी सडकेपर्यंतची पाणंद पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढताना जे डिझेल जाते, ते कोणताही ड्रायव्हर वाचवू शकत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना काढली. आपल्या गावची पाणंद त्यात बसली का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारले पाहिजे. दुसरे, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज ठरवण्याची पद्धत आली. आमची त्याला तक्रार नाही. बाजार आम्हाला कळतो. पण जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा डिझेल त्याबाहेर ठेवले. केंद्राचा कर वेगळा, राज्याचा वेगळा. डिझेलचा भाव रोज ठरू शकतो, आणि ज्वारीचा हमीभाव वर्षातून एकदा जाहीर होऊन तोही पदरात पडेलच असे नाही. हा कुठला मोकळा बाजार?

इंजिन आपल्याला परके नाही. सातारा रोडच्या कूपर कारखान्यातली डिझेल इंजिने आपल्या आधीच्या पिढ्यांनी विहिरीवर चालवली. ठोका ऐकून त्यांना बिघाड कळायचा. तो कान आणि ती काटकसर गाडीबरोबरही ठेवू.

म्हणून एवढे करा. एक वही घाला. टाकी फुल करा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुन्हा फुल करताना किती लिटर बसले ते लिहा. असे पाच वेळा करा. फेरी भरून झाली की रिकामी, तेही लिहा. पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही बरोबर आणा. आपली गळती किती आणि सरकारची किती, हे तेव्हा तोंडी बोलावे लागणार नाही, आकडेच बोलतील.