ताणणाऱ्या जीन्सचे पुढे काय?

युरोपीय संघातील देशांना १ जानेवारी २०२५ पासून टाकाऊ कपडे वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले आहे. या ढिगातली मोठी डोकेदुखी म्हणजे ताणणारी जीन्स.

तिच्या सुताच्या पोटात स्पॅन्डेक्सचा धागा असतो. एकटा असताना तो मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणला जातो. कातताना त्याला तीन-चार पट ओढून धरतात आणि भोवती कापूस गुंडाळतात. ओढ सुटली की धागा आखडतो, कापूसही त्याच्यासोबत दाटतो. पुन्हा ताणल्यावर सूत वाढते ते कापूस सरळ होईपर्यंतच. पुढे कापूसच अडवतो. लवचिकता स्पॅन्डेक्सची, मर्यादा कापसाची! त्यामुळे आतला धागा अतिताणापासून आणि घर्षणापासून वाचतो.

मात्र हेच आवरण नंतर नडते. कपडे निवडणारी अवरक्त किरणांची यंत्रे मुख्यतः पृष्ठभाग वाचतात. आतला दोन-तीन टक्के स्पॅन्डेक्स त्यांच्या नजरेतून सहज सुटतो. मग कापड पिंजताना तो सुटा होत नाही, यंत्राच्या दातांत अडकतो. तेव्हा नुसते कपडे गोळा करून भागणार नाही. लेबलवर प्रमाण छापलेले असते खरे, पण मानेला किंवा कमरेला टोचते म्हणून आपण ते पहिल्याच दिवशी कापून टाकतो.