बाळाला गाणे कोणी म्हणायचे?

रोवणीची धांदल चालू असताना एक आजी नातवाला घेऊन केशोरीला माझ्या दवाखान्यात आल्या. मूल पावणेदोन वर्षांचे. "डॉक्टरसाहेब, पोरगा बोलतच नाही." पोरगा मोबाइलवर बालगीते पाहण्यात गुंग होता. बंद केला की घर डोक्यावर घेतो, म्हणे. मी विचारले, "घरी याला गाणी कोण म्हणतं?" आजी हसल्या. "आता मोबाइलच म्हणते जी!"

मी मुलाच्या मागे उभा राहून वाटीवर चमचा वाजवला. त्याने मान वळवली. एवढ्यावरून कान चांगले आहेत असे ठरत नाही, म्हणून श्रवणतपासणीची चिठ्ठी दिलीच. दीड वर्षापर्यंत अर्थाचा एकही शब्द आला नाही, तर "उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, त्यांना मूल दाखवावे.

बोलणे देवघेवीतून येते. आई गाताना मध्येच थांबते, बाळ हुंकार देते, आई पुन्हा सुरू करते. बाळाची नजर तिच्या ओठांवर असते. मोबाइल बाळासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की, दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून अधिक नको.

मात्र मोठ्यांना गाण्याचा कंटाळा आला की मोबाइल मुलाच्या हाती जातो, हे मी रोज पाहतो. त्यामुळे बालगीत मोठ्यांनाही गोड लागले पाहिजे. आपल्या मराठीत ते भाग्य आहे. मंगेश पाडगावकरांचे 'सांग सांग भोलानाथ' आणि राजा मंगळवेढेकरांचे 'असावा सुंदर चॉकलेटचा बंगला' ही गाणी सिनेमातली नव्हेत. मीना खडीकर यांनी त्यांना चाली दिल्या आणि आपल्याच मुलांकडून, योगेश व रचना यांच्याकडून गाऊन घेतली. ती ऐकत वाढलेली मुले आज आजी-आजोबा आहेत, आणि चाल अजून पाठ आहे. पुढे संदीप खरे व सलील कुलकर्णी यांनी 'अग्गोबाई ढग्गोबाई' दिले. याच जोडीचे 'दमलेल्या बाबाची कहाणी' ऐकताना कामासाठी नागपूर-हैदराबादला राहणाऱ्या बापाचा गळा भरून येतो. मुलांच्या नावाखाली यंत्रावर कुटलेली जी कर्कश गाणी हल्ली मोबाइलवर वाजतात, ती मला दोन मिनिटेही सोसवत नाहीत.

आवाजाचेही भान हवे. लहान मुलांसाठी 75 डेसिबल, तेही आठवड्यात 40 तासांपर्यंत, ही सुरक्षित मर्यादा मानतात. लग्नातल्या डीजेपुढे मूल खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या मामा-काकांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

आजी म्हणाल्या, "मले बालगीत कुठं येते?" म्हटले, रोवणीला म्हणता ते म्हणा. आधी लाजल्या, मग हळू आवाजात सुरू झाल्या. पोराने मोबाइल शोधायचे सोडून त्यांच्या तोंडाकडे टक लावली. बाहेर नंबर लावून बसलेल्या दोन बायांनी पुढची ओळ उचलली. आजीला श्रवणतपासणीचा कागद घेऊन पंधरा दिवसांनी बोलावले आहे.